रेझिनचा भाव जळगावात ठरत नाही, मग कुठे ठरतो?

प्रश्न असा आलाय: विचारणाऱ्याच्या भावाचं जळगाव एमआयडीसीत शेतीच्या पाइपचं छोटं युनिट आहे, दोन लाइन चालतात. पीव्हीसी रेझिन, म्हणजे पाइप जिच्यापासून बनतो ती पावडर, तिचा दर महिन्याला इकडचा तिकडे होतो, चीनचा माल किलोमागे दोन-तीन रुपये स्वस्त कसा मिळतो, युरोपात प्लांट बंद पडतायत म्हणतात मग माल कमी पडेल का, आणि आपण भारतातच पुरेसं का नाही बनवत. मी बावीस वर्षं यातच आहे, आधी प्लांटवर शिफ्ट केल्या, मग खरेदीत आलो, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा. रेझिन म्हटलं की इपॉक्सी, फिनॉलिक, पॉलिएस्टर सगळंच येतं पण त्यांचा बाजार वेगळा, इथे फक्त पीव्हीसीचं बोलतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पीव्हीसीमध्ये वजनाने ५७ टक्के क्लोरीन असतं, म्हणजे पोत्यातला निम्म्याहून जास्त माल मिठातून आलेला. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा एकदमच निघतात, एक टन क्लोरीनमागे साधारण १.१ टन कॉस्टिक, आणि एक हवं म्हणून दुसरं थांबवता येत नाही. क्लोरीन साठवून ठेवायची वस्तू नाही, रोजच्या रोज कुठेतरी खपवावंच लागतं, आणि जगात ते खपवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे पीव्हीसी. त्यामुळे कधी कधी असं होतं की ॲल्युमिनावाले, म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा माल बनवणारे, कॉस्टिक चढ्या भावाने उचलत असतात, प्लांट फुल चालतो, आणि पीव्हीसी मात्र पडेल त्या भावाने विकून टाकतात. नवीन लोक विचारतात की भाव पडलाय तर हे लोक प्लांट बंद का नाही करत, तर त्याचं कारण हे. उरलेला ४३ टक्के भाग, कार्बन-हायड्रोजनवाला, कुठून आणायचा यावर जगाचे दोन तट पडलेत. एक इथिलिनवाले, म्हणजे तेल-गॅसमधून काढणारे, दुसरे कार्बाइडवाले, म्हणजे कोळशातून काढणारे. देशांची नावं नंतर बघा, आधी हे बघा की तो देश हा ४३ टक्के भाग कशातून काढतो, अर्धं कोडं तिथेच सुटतं.

चीनचं सांगतो कारण खरा मसाला तिथे आहे. चीनकडे तेल-गॅस बेताचा पण कोळसा उदंड. म्हणून त्यांची साधारण तीन चतुर्थांश पीव्हीसी क्षमता कार्बाइडवर उभी आहे, शिनजियांग, इनर मंगोलिया, निंगशिया, शान्शी या कोळशाच्या मुलखात. हे कार्बाइड म्हणजे तेच, आंबे पिकवायला लोक चोरून वापरतात ते आणि वेल्डिंगवाला गॅस काढायला डब्यात टाकतो ते. चुना आणि कोक विजेच्या भट्टीत दोन हजार डिग्रीला वितळवायचा, झालेल्या कार्बाइडवर पाणी सोडायचं, ॲसिटिलिन निघतं, त्यात हायड्रोजन क्लोराइड मिसळून कॅटॅलिस्टवरून नेलं की व्हीसीएम तयार, आणि व्हीसीएमचं पॉलिमर म्हणजे आपलं रेझिन. मागे चुन्याच्या गाळाचे डोंगर उरतात ते वेगळे.

आता हिशोब करून बघा. एक टन कार्बाइडला तीन हजार युनिटच्या वर वीज लागते, आणि एक टन पीव्हीसीला जवळजवळ दीड टन कार्बाइड. म्हणजे साडेचार हजार युनिट नुसत्या भट्टीतच गेले, क्लोरीनची वीज अजून मोजलीच नाही. तुमच्या एमआयडीसीत युनिटला आठ रुपये धरा, किलोमागे ३६ रुपये फक्त भट्टीच्या विजेचे. २०२५ मध्ये रेझिन बाजारात सत्तरीच्या आसपास फिरत होतं, त्यातले ३६ विजेतच गेले तर धंदा कसला करणार. शिनजियांगमध्ये खाणीच्या तोंडाशीच पॉवर प्लांट, तिथेच भट्टी, तिथेच चुना, म्हणून त्यांना परवडतं, आणि मग तोच माल तीन हजार किलोमीटर रेल्वेने बंदरापर्यंत आणूनही परवडतो. 

यात एक दुखणं आहे, पारा. तो कॅटॅलिस्ट म्हणजे कार्बनवर चढवलेलं मर्क्युरिक क्लोराइड. जगात पारा मुद्दामहून वापरणाऱ्या धंद्यांमध्ये हा फार वरच्या नंबरला येतो. मिनामाता करार २०१३ मध्ये जपानात झाला आणि २०१७ पासून लागू आहे, त्यात लिहिलंय की २०१० च्या तुलनेत २०२० पर्यंत टनामागे पारा निम्मा करायचा आणि पाऱ्याशिवायचा कॅटॅलिस्ट परवडण्यासारखा झाला असं ठरलं की पुढच्या पाच वर्षांत पूर्ण बंद. त्याला पर्याय काय निघावा तर सोनं! कार्डिफ विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम हचिंग्ज यांनी १९८० च्या दशकातच हे सांगितलं होतं आणि पुढे जॉन्सन मॅथी या ब्रिटिश कंपनीने त्याचा कॅटॅलिस्ट बाजारात आणला. सोनं अगदी अंशाने लागतं पण पहिल्या भरणाचा खर्च अंगावर येतो, म्हणून बदल हळूहळू चाललाय. बंदी जवळ येईल तसा चीनचा हा स्वस्तपणा कमी होणार असं माझं मत आहे, पण उद्या-परवा नाही, त्या आशेवर धंद्याचं गणित मांडू नका.

मग २०२१ नंतरच चीनचा माल आपल्याकडे एवढा का धो धो यायला लागला? घरं. चीनमध्ये पीव्हीसी जातं कुठे तर पाइपात, खिडकीच्या प्रोफाइलमध्ये, फ्लोअरिंगमध्ये. एव्हरग्रँडसारखे मोठे बिल्डर बसले, नवीन इमारतींची कामं आटली, पण प्लांट तर आधीच उभे राहिलेले, आणि त्यात पुन्हा किनाऱ्यावर नवीन इथिलिनवाले प्लांट सुरू झाले. घरात माल मावेना म्हणून बाहेर काढला. २०२३ पासून चीनची पीव्हीसी निर्यात वर्षाला वीस लाख टनांच्या वर आहे आणि त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपण. चीनमधल्या दालियानच्या एक्स्चेंजवर २००९ पासून पीव्हीसीचे वायदे चालतात, आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजले की ते उघडतं, आणि मुंबईतले ट्रेडर दात घासता घासता मोबाइलवर तो आकडा बघतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या डीलरने सकाळी दहाला भाव बदलला तर त्याला काय झालं हे साडेसहालाच ठरलेलं असतं.

एक्स्पोर्टचा विचार असेल तर एवढंच लक्षात ठेवा की अमेरिकेने जून २०२३ मध्ये शिनजियांग झोंगताय या बड्या कंपनीला सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून काळ्या यादीत टाकलंय, त्यामुळे अमेरिकेला जाणाऱ्या मालात कुठलं रेझिन आहे हे विचारलं जातं. शेतीच्या पाइपला त्याचा काही फरक नाही.

अमेरिकेची गोष्ट उलटी. तिथे शेल गॅस निघाला, गॅसबरोबर इथेन आलं, इथेनपासून इथिलिन मातीमोल भावात, मीठ टेक्सास-लुइझियानात जमिनीखाली डोंगराएवढं आणि वीजही गॅसवरचीच. तिन्ही गोष्टी शंभर-दोनशे मैलांच्या आत असलेला पट्टा जगात दुसरा मला तरी माहीत नाही. जपानची शिन-एत्सु ही जगातली सगळ्यात मोठी पीव्हीसी कंपनी, पण तिचा खरा पसारा जपानात नाही, शिनटेक नावाने १९७४ पासून टेक्सासमध्ये आणि नंतर लुइझियानात वाढत गेलाय. जपानी माणसाने घरी बसून इथिलिन महाग पडतंय म्हणून रडत न बसता जिथे इथिलिन स्वस्त तिथे जाऊन चूल मांडली, याला म्हणतात धंदा. अमेरिकेत बनलेल्या पीव्हीसीतला साधारण तिसरा हिस्सा बाहेर जातो, घरबांधणी थंडावली की जास्त. पण त्या पट्ट्यात एक भानगड, सगळं एकाच किनाऱ्यावर असल्यामुळे वादळ आलं की सगळंच बसतं. ऑगस्ट २०२० ला लॉरा वादळ लेक चार्ल्सवर आदळलं, फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठलं आणि प्लांटचे पाइप फुटले, त्याच वर्षी ऑगस्टला आयडा वादळ आलं. त्या एका वर्षात जगभरचा भाव दुपटीहून वर गेला, वर सप्टेंबर-ऑक्टोबरला चीनने विजेचं रेशनिंग लावलं आणि कार्बाइडच्या भट्ट्या थंड केल्या.

तेव्हाच माझे हात भाजले, सांगून टाकतो. २०२१ ची दिवाळी तोंडावर, भाव किलोला दीडशेच्या पार, एक ट्रेडर रोज फोन करायचा की साहेब पुढच्या आठवड्यात दहा रुपये वर, आत्ता भरून टाका. सीझन पुढे होता, मालकाने विचारलं, मी हो म्हटलं, आणि चार कंटेनर घेतले, चाळीस फुटी कंटेनरात पंचवीस-अठ्ठावीस टन माल येतो म्हणजे शंभर टनांच्या वर झालं. दिवाळी झाली, फटाके वाजले आणि आमचेही वाजले. भाव उतरायला लागला तो थांबेचना, वर्षभरात निम्म्यावर आला. आमचं रेझिन गोडाऊनमध्ये, त्याचे पाइप विकायला गेलो की डीलर म्हणायचा शेजारचा याच्यापेक्षा वीस टक्के कमी लावतोय. मालक काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून माझा नियम आहे, चढत्या भावात महिन्याच्या गरजेपेक्षा एक पोतं जास्त घ्यायचं नाही, मग कोणी काही सांगो.

तैवानचं नाव बातम्यांत येत नाही पण तुमच्या भावाच्या खिशावर जास्तीत जास्त परिणाम त्यांचाच. फॉर्मोसा प्लॅस्टिक्स १९५७ ला दिवसाला चार टन बनवून सुरू झाली होती, तेव्हा त्यांचा माल घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्यांनी स्वतःच पाइप-शीट बनवायची कंपनी काढली. आज दर महिन्याच्या मध्यावर फॉर्मोसा पुढच्या महिन्याचा भाव जाहीर करते, भारतासाठी वेगळा आकडा असतो, आणि आख्खा आशिया त्यावर डोळे लावून बसतो. तो आला की एक-दोन दिवसांत आपल्या देशी कंपन्यांची लिस्ट हलते. त्यामुळे दहा ते वीस तारखेच्या दरम्यान ट्रेडर एकदम गोड बोलायला लागला तर समजा की त्याला खाली येणार याचा वास लागलाय.

युरोपबद्दल जे ऐकलंय ते खरं आहे. २०२२ ला रशियाचा गॅस आटला, वीज महागली, आणि एक टन क्लोरीनला अडीच हजार युनिटच्या आसपास वीज लागते, मग कुठून परवडणार. वर अमेरिकेचा स्वस्त माल दारात. शेवटी युरोपियन युनियनने अमेरिका आणि इजिप्तच्या पीव्हीसीवर अँटी-डम्पिंग ड्यूटी, म्हणजे पडेल भावाने ओतलेल्या मालावरचा जादा कर, लावली. इजिप्त कसं आलं मध्येच? पोर्ट सईदला प्लांट आहे, आणि तो चेन्नईच्या सनमार ग्रुपचा. म्हणजे आपल्याच देशातला माणूस इजिप्तमध्ये बनवून युरोपला विकतो आणि आपण चीनकडून घेतो. असो. युरोपमुळे आपल्याला माल कमी पडणार नाही, ते आपल्याला फार देतच नव्हते. उलट त्यांनी दार लावलं की अमेरिकेचा माल आशियाकडे वळतो, म्हणजे झाला तर फायदाच.

ब्राझीलचं एका कारणासाठी सांगतो. मासेयो शहराखाली ब्रास्केम कंपनी कित्येक दशकं मीठ उपसत होती, क्लोरीन आणि पीव्हीसीसाठी. २०१८ ला जमीन हलली, घरांना तडे गेले, आख्ख्या वस्त्या खचायला लागल्या, साठ हजारांच्या आसपास माणसं हलवावी लागली. २०१९ ला मिठाचा उपसा बंद. आपण पोत्यावर नुसता भाव बघतो.

आता भारत. आपली मागणी वर्षाला चाळीस लाख टनांच्या वर, क्षमता पंधरा-सोळा लाख टनांची. म्हणजे निम्म्याहून जास्त बाहेरून, जगातले सगळ्यात मोठे आयातदार आपणच. आणि मागणीतला सत्तर टक्क्यांच्या आसपास माल पाइपातच जातो, त्यामुळे पाऊस, विहिरी, कांदा-कापसाचा भाव, सगळं रेझिनशी जोडलेलं. गंमत अशी की आपल्याकडे क्लोरीन कमी नाही. कॉस्टिकवाल्यांकडे क्लोरीन एवढं उरतं की कधी कधी ते घेऊन जाणाऱ्याला वरून पैसे द्यावे लागतात, हो खरंच, निगेटिव्ह भाव. अडलंय ते इथिलिनवर. रिलायन्सकडे स्वतःचं इथिलिन आहे म्हणून हजिरा, दहेज, बडोद्याला ते बनवतात. रत्नागिरीजवळ फिनोलेक्सचा प्लांट १९९४ चा, त्यांनी समुद्रात स्वतःची जेट्टी बांधली आणि ईडीसी (इथिलिन आणि क्लोरीनपासून बनलेला, व्हीसीएमच्या आधीचा माल), इथिलिन, व्हीसीएम जहाजाने आणतात, म्हणजे तुम्ही कोकणातलं रेझिन घेताय तेव्हाही त्याचा जीव आखातात नाहीतर कोरियात असतो. केमप्लास्टचा कुड्डलोरचा प्लांट आणलेल्या व्हीसीएमवर चालतो. आणि कार्बाइडवर बनवणारा आपल्याकडे कोण तर कोट्याची डीसीएम श्रीराम, स्वतःची वीज आहे म्हणून त्यांना जमतं, वरचा हिशोब आठवा.

पुढचं म्हणाल तर रिलायन्सने दहेज आणि नागोठण्याला पंधरा लाख टनांची भर जाहीर केलीय, अदानींचा मुंद्र्याला दहा लाख टनांचा प्लांट येतोय आणि तो कार्बाइडवर आहे. हे दोन्ही उभे राहिले की आयात कमी होईल. भाव कमी होईल का? मला नाही वाटत. देशी कंपनी बाहेरच्या मालाचा खर्च, ड्यूटी, भाडं सगळं धरून जो आकडा येतो त्याच्या आसपासच विकते, धर्मादाय म्हणून नाही. सरकारने रेझिनला बीआयएसचा मार्क सक्तीचा करायचं ठरवलं, तीनदा तारीख पुढे ढकलली, शेवटी नोव्हेंबर २०२५ ला मागेच घेतलं. त्या दोन वर्षांत प्रत्येक तारखेच्या आधी बाजारात नुसती पळापळ, आणि त्या पळापळीत कमावलं कोणी तर ट्रेडरने. पाइपवाल्याने नाही.

आता मुद्द्याचं, चीनचं कार्बाइडवालं घ्यावं का. घ्या, मी पण घेतो, पण डोळे उघडे ठेवून. पोत्यावर एसजी-५ लिहिलेलं असतं, म्हणजे आपल्या भाषेत के-६७च्या जवळपास (के म्हणजे रेझिनच्या साखळीच्या लांबीचा आकडा), पाइपला तेच लागतं. फिटिंगवाल्याला के-५७ लागतं, त्याला हे चालणार नाही. आमच्याकडे एकदा असं झालं की ऑपरेटर सांगत आला की साहेब पाइप हलका येतोय, मीटरला ठरल्यापेक्षा वीस-पंचवीस ग्रॅम कमी, मशीनचं सेटिंग तेच, स्क्रूचा स्पीड तोच. सगळे डाय, म्हणजे पाइपला आकार देणारा साचा, बघत बसले. मी पोतं फोडून पावडर मापाच्या कपात ओतली, पट्टीने वरची सपाट केली आणि वजन केलं, बल्क डेन्सिटी, म्हणजे एका घनसेंटिमीटरमध्ये मावणारी पावडर, ०.५० ग्रॅम आली. आधीचा माल ०.५६ चा. हॉपरमधून स्क्रू पावडर ओढतो ती आकारमानाने, वजनाने नाही, त्यामुळे पावडर फुगीर आली की तेवढ्याच फेऱ्यांत माल कमी जातो, एवढं साधं. फीडर थोडा वाढवला, झालं. पण कपाशिवाय आम्ही दोन दिवस डाय घासत बसलो असतो.

दुसरं म्हणजे काळे ठिपके आणि पिवळेपणा. मूठभर पावडर काचेवर पसरा, खाली पांढरा कागद, उजेडात ठिपके मोजा. मग तीच पावडर नेहमीच्या रेसिपीने मिक्स करून शीट काढा, तिचे तुकडे १८० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवून दर दहा मिनिटांनी एक बाहेर काढा आणि ओळीने मांडा. जुन्या मालाची ओळ शेजारी ठेवली की कुठला आधी पिवळा पडतो ते शाळेतलं पोरही सांगेल. रेझिन गरम होताना जळू नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालतात, २०२१ च्या नियमाने पाइपातलं शिशाचं स्टॅबिलायझर बंद होत गेलं, कॅल्शियम-झिंकवर आल्यापासून रेझिनमधला असला फरक जास्त जाणवतो असा माझा अनुभव, शिसं सगळं झाकून न्यायचं. हाताने चोळून, वास घेऊन रेझिन ओळखतो म्हणणारे भेटतील, त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

कॅन्सरचं रेझिन, चायना माल विषारी, असले मेसेज फिरतात त्यात अर्धं खरं आहे. व्हीसीएम वायूने कॅन्सर होतो हे १९७४ ला अमेरिकेत लुइव्हिलच्या गुडरिच प्लांटमधल्या कामगारांच्या लिव्हरच्या आजारातून उघड झालं, त्यानंतर प्लांटमध्ये स्ट्रिपिंग करून उरलेलं व्हीसीएम काढून टाकतात. चांगलं रेझिन १ पीपीएमच्या आत असतं, मग ते कार्बाइडचं असो वा इथिलिनचं. घाण माल दोन्हीकडे बनू शकतो. पिण्याच्या पाण्याचा पाइप करत असाल तर लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, आणि सर्टिफिकेटवरचा लॉट नंबर पोत्यावरच्या नंबराशी जुळतोय का ते स्वतः बघा, कारण मला एकदा तीन वेगवेगळ्या लॉटना एकच झेरॉक्स मिळालीय.

भावाच्या दोन लाइनला माझा सल्ला असा राहील की निम्मा माल देशी किंवा फॉर्मोसा-जपानचा ठेवा, निम्मा चीनचा, आणि दोन्ही एका बॅचमध्ये मिसळू नका. एक लाइन एका मालावर पंधरा दिवस चालवा. दोनशे पानी वही घ्या, त्यात तारीख, लॉट, कपातलं वजन, मीटरचं वजन, मिक्सरमधून किती डिग्रीला काढलं, एवढंच लिहा. ऑपरेटर कंटाळा करेल, पहिले पंधरा दिवस तुम्ही स्वतः लिहा.